बहात्तर गावांचे राज्य आणि आपण

राज्यशास्त्राच्या पहिल्याच धड्यात राज्याची चार अंगे आपण पाठ करतो: लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व. परीक्षेत ती लिहिली की गुण पदरात पडतात. पण लोक किती असावेत आणि भूप्रदेश केवढा असावा, याचा विचार करण्याची वेळ सहसा कुणावर येत नाही. प्लेटोने 'लॉज' या ग्रंथात आदर्श नगरराज्यासाठी ५०४० कुटुंबप्रमुखांचा आकडा सांगितला होता. रूसो ज्या जिनिव्हात जन्मला ते तेव्हा एक चिमुकले प्रजासत्ताक होते, आणि लोकांनी स्वतः एकत्र जमून कारभार करावयाचा तर राज्य लहानच हवे असे त्याचेही मत होते. आपण मात्र मोठ्या देशात जन्मलो, मोठ्या राज्यात वाढलो. मोठे तेच महत्त्वाचे, असा समज आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे. या समजाला धक्का देणाऱ्या एका स्थळाविषयी आणि त्या निमित्ताने मनात आलेल्या काही विचारांविषयी या वार्षिकांकात लिहावे असे वाटले.

प्रथम थोडे परदेशाविषयी. इटलीच्या पोटात सॅन मारिनो नावाचा एक देश आहे. क्षेत्रफळ अवघे ६१ चौरस किलोमीटर. आपल्या जालना जिल्ह्यात असे शंभराहून अधिक देश सहज मावतील. लोकवस्ती एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी, साधारण चौतीस हजार. मारिनस नावाच्या एका पाथरवटाने इ. स. ३०१ मध्ये तिटानो पर्वतावर ही वसाहत स्थापली, अशी तेथील परंपरा सांगते. आपल्याकडे पाथरवट म्हटले की पाटे-वरवंटे टाकवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तेथे पाथरवट हा राष्ट्राचा जनक आहे! रिमिनी या समुद्रकाठच्या शहरातून सकाळी निघावे, तीन बुरुज पाहावेत आणि संध्याकाळी परतावे, असा हा एका दिवसाचा देश. पण तेथील कारभार ऐकण्यासारखा आहे. राज्याचे प्रमुख एक नसून दोन, आणि त्यांची मुदत केवळ सहा महिन्यांची. १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर या दिवशी नवी जोडी सूत्रे हाती घेते. मुदत संपली की त्यांच्या कारभाराविषयी तक्रार करण्याची सोय सामान्य नागरिकाला आहे. खुर्ची सोडल्यावरही हिशेब चुकत नाही. १७९७ साली नेपोलियनने या देशाला आणखी प्रदेश देऊ केला होता. त्यांनी तो नम्रपणे नाकारला. पुढे कित्येक साम्राज्ये आली नि गेली, हा पाथरवटाचा देश आहे तेथेच आहे.

हे वाचून आपण 'वा!' म्हणतो आणि पान उलटतो. तिकडे जाण्याचा योग आपल्यापैकी कितीजणांना येणार? ज्याला परतूरहून जालन्याला रोज यायला एस.टी.च्या पासाचे पैसे जुळवावे लागतात त्याने तिटानो पर्वताची स्वप्ने पाहावीत तरी कशी? पण मित्रांनो, मूर्ती लहान पण कीर्ती महान असे एक राज्य महाराष्ट्रातही होऊन गेले. ते म्हणजे सातारा जिल्ह्यातले औंध. आमच्या अभ्यास सहलीत एक पूर्ण दिवस औंधच्या वाट्याला आला. अनेकांनी कुरकुर केली, कारण तो दिवस महाबळेश्वरला द्यावा असा बऱ्याच जणांचा आग्रह होता. एका सरांनी मात्र, "महाबळेश्वर तुम्ही लग्नानंतर पाहालच," असे म्हणून विषय संपवला.

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला पोचलो. आजूबाजूचा मुलूख पाहून परके वाटलेच नाही. तीच उघडी माळराने, तेच बोडके डोंगर, तीच ज्वारी. खटाव, माण, आटपाडी हा सारा पट्टा आपल्यासारखाच पावसाच्या सावलीतला. १९७२ चा दुष्काळ नि २०१२-१३ चा दुष्काळ ज्या जालना जिल्ह्याने सोसला, त्याला या मातीची भाषा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. डोंगरावर यमाईचे मूळपीठ आहे. पायऱ्या चढून दर्शन घेतले, बरोबर आणलेल्या भाकरी आणि ठेचा सावलीला बसून खाल्ला, आणि डोंगराच्या अंगावरच असलेले श्रीभवानी चित्रसंग्रहालय पाहावयास गेलो. येथे आमच्यातील कुरकुर करणाऱ्यांची तोंडे बंद झाली. राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रे या आडगावी आहेत. इतकेच नव्हे तर हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि बालक' हे दगडी शिल्पही येथे आहे. ज्या शिल्पकाराच्या कृती पाहण्यासाठी लोक लंडनला जातात, त्याची एक कृती खटाव तालुक्यात आहे आणि आपल्याला ते ठाऊक नाही!

हे सारे उभे करणारा माणूस म्हणजे औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८, राज्यकाल १९०९ ते १९४८. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, आणि सूर्यनमस्कारांचा असा प्रचारक की त्यांच्या राज्यात शाळकरी पोरांना नमस्कार चुकत नसत. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. वेदांचे भाष्यकार पंडित सातवळेकर यांनी आपला स्वाध्याय मंडळाचा संसार कित्येक वर्षे औंधातच मांडला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावे लागले तेव्हा कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ याच राजाने दिला, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. गदिमांचे बालपण आणि शिक्षण याच संस्थानाच्या छायेत झाले. एवढे सगळे घडले ते किती मोठ्या राज्यात? ५०१ चौरस मैल, बहात्तर गावे, १९३१ च्या सुमारास लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. आपल्या एक-दीड तालुक्याएवढे राज्य, आणि तेही सलग नव्हे. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे. नकाशावर शाईचे थेंब शिंतडावेत तसे.

परंतु चित्रे, शिल्पे नि कारखाने यांसाठी मी हा लेख लिहावयास घेतलेला नाही. कलेचा शौक असलेले राजे पुष्कळ झाले. औंधचे खरे वैशिष्ट्य वेगळे आहे. २३ नोव्हेंबर १९३८ या दिवशी, आपल्या सत्तराव्या वाढदिवसाच्या वेळी, या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविण्याचे जाहीर केले. वाढदिवसाला राजाने नजराणे घ्यावयाचे असतात. येथे राजानेच राज्य देऊन टाकले. या घटनेमागे तिघांचा हात होता. एक, राजपुत्र आप्पासाहेब पंत, जे ऑक्सफर्डमध्ये शिकून बॅरिस्टर होऊन आले होते आणि पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. दुसरे मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे ज्यू इंजिनिअर. वॉर्सातून ते बंगलोरच्या कारखान्यात आले आणि तेथून गांधीविचाराकडे वळून 'भारतानंद' झाले. आणि तिसरे, ज्यांच्या सल्ल्याने या राज्यघटनेचा आराखडा सेवाग्रामात सिद्ध झाला ते महात्मा गांधी. जानेवारी १९३९ मध्ये ही घटना अमलात आली. तिची रचना उलटी होती. सत्ता वरून खाली झिरपण्याऐवजी खालून वर जाणार होती. गावाने पाच जणांची पंचायत निवडावयाची, पंचायतींतून तालुक्याची समिती, आणि तेथून संस्थानचे विधिमंडळ. कारभाराचा पाया गाव. भारताची राज्यघटना अमलात येण्याच्या अकरा वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत सुरू झाली. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीवाचून, बेड्यांवाचून राहू लागले, शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट आपण दूरदर्शनवर पाहिलेला असतो. त्याची कथा गदिमांची आणि प्रेरणा स्वतंत्रपूरची. मला या दोन प्रयोगांत एकच सूत्र दिसते. माणसावर विश्वास टाकला तर माणूस त्या विश्वासाला उतरण्याची धडपड करतो. ज्या राज्याला खुन्यावर विश्वास टाकता आला, त्याला शेतकऱ्यावर टाकणे अवघड का जावे?

आता याच वेळी आपण कोठे होतो ते पाहू. जालना, अंबड, भोकरदन, परतूर हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचे क्षेत्रफळ ८२ हजार चौरस मैलांहून अधिक, म्हणजे औंधच्या दीडशे पटींहून मोठे. त्याला स्वतःची रेल्वे होती, स्वतःचे नाणे होते, टपाल होते. नव्हते ते फक्त प्रजेचे राज्य. साधी सभा घ्यावयाची तर 'गश्ती निशान ५३' या हुकमाने सरकारची परवानगी आधी काढावी लागे. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन आपल्या परतूरला भरले, आणि मराठवाड्यातील माणसाने आपले गाऱ्हाणे एकत्रितपणे मांडावयास सुरुवात केली. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबादच्या महाविद्यालयात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला आणि त्यापायी त्यांना वसतिगृहांतून, विद्यापीठातून काढून टाकण्यात आले.

तारखांचा हा योग मला फार बोलका वाटतो. ज्या नोव्हेंबर महिन्यात औंधचा म्हातारा राजा सिंहासनावरून उतरून रयतेला 'राज्य तुमचे' असे सांगत होता, त्याच सुमारास आपल्याच वयाची मुले एक गीत म्हटल्याबद्दल शिक्षणाला मुकत होती. पुढे १५ ऑगस्ट १९४७ ला सारा देश स्वतंत्र झाला, परंतु जालन्याला आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस उजाडेपर्यंत किती माणसे तुरुंगात गेली, किती कॅम्पांवर लढली नि किती मारली गेली, हे आपल्या गावोगावचे हुतात्मा स्मारक सांगेल. तेव्हा राज्याचे मोठेपण मैलांत मोजावयाचे, की त्यातील साध्या माणसाच्या शब्दाला असलेल्या वजनात? मला विचाराल तर मोजमाप दुसरेच खरे.

येथे काही आक्षेप संभवतात, आणि सहलीहून परतताना गाडीत ते घेतलेही गेले. पहिला आक्षेप असा की औंधचे स्वराज्य हे राजाने दिलेले दान होते. दान देणारा चांगला निघाला म्हणून बरे. वाईट निघाला असता तर? त्यापेक्षा मराठवाड्याने लढून मिळविलेले स्वातंत्र्य अधिक मोलाचे. हा आक्षेप मला मान्य आहे. लढून मिळविलेल्या भाकरीची चव वेगळीच. पण भाकरी लढून मिळविली काय नि कुणी वाढली काय, ती खाल्ली नाही तर पोट रिकामेच राहणार. दुसरा आक्षेप, एवढी लहान राज्ये टिकली असती तर देशाचे तुकडे झाले असते. हेही खरे. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले ते योग्यच झाले. सार्वभौमत्व बहात्तर गावांना पेलणारे नव्हते, आणि मी औंधचे संस्थान परत आणा असे म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की संस्थान विलीन करताना त्यातील विचार विलीन होऊ द्यावयास नको होता.

सुदैवाने तो विचार कायद्याच्या रूपाने परत आलेला आहे. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींना राज्यघटनेत स्थान मिळाले. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी ती हजर असली की गणपूर्ती होते. मुख्य ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी असेही कायदा सांगतो. सॅन मारिनोच्या नागरिकाजवळ आहे त्याच्यापेक्षा हे कमी नाही. औंधच्या रयतेला १९३९ साली मिळाले त्याच्यापेक्षा तर हे पुष्कळच अधिक आहे.

आणि तरीही माझ्या गावात ग्रामसभा कशी होते ते सांगतो. दवंडी पिटली जाते ती एकाच आळीत. ठरल्या वेळी पंधरा-वीस माणसे जमतात, त्यांतील निम्मी चहासाठी. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे ज्यांना माहीत असावयास हवे त्यांना बरोबर माहीत असते. मग चार-दोन जणांत ठराव लिहिले जातात आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर घरोघर सह्यांसाठी फिरते. आमच्या शेजारच्या काकूंनी अंगठा दिला तेव्हा मी विचारले, "काकू, हा कशाचा ठराव?" त्या म्हणाल्या, "काय की बाबा, सह्या मागायला आलेत म्हंजे चांगलंच असंल." टँकर कोणत्या वस्तीवर किती खेपा करील, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव येईल, नाला सरळीकरण कोणाच्या बांधापर्यंत होईल, हे सारे त्या अंगठ्याखाली ठरून गेलेले असते. ज्या अधिकारासाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी रझाकारांना तोंड दिले, तो अधिकार आपण ओसरीवर बसल्या बसल्या, वाचल्याशिवाय, सही करून देऊन टाकतो.

याचे खापर केवळ सरपंचाच्या किंवा ग्रामसेवकाच्या डोक्यावर फोडून आपल्याला मोकळे होता येणार नाही. त्या सभेत गावातले पदवीधर कोठे असतात? आपण, म्हणजे कला शाखेची मुले-मुली, ज्यांना पंचायत राज्यावर सोळा गुणांचा प्रश्न सोडवता येतो, बलवंतराय मेहता समितीच्या शिफारशी ओळीने सांगता येतात, ते आपण त्या दिवशी पारावर किंवा मोबाइलमध्ये असतो. शिकलेल्यानेच सभेला पाठ दाखविली तर अंगठा उमटविणाऱ्या काकूंना बोल कशासाठी लावावयाचा?

एकत्र बसून ठरविले तर काय होते याचे उदाहरण शोधायला सॅन मारिनोलाच काय, औंधलाही जाण्याची गरज नाही. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाहावे. कमी पावसाचे, माळरानाचे गाव. १९९० च्या दशकात तेथे पाणलोट विकासाचे काम सुरू झाले. बांध-बंदिस्ती, नाल्यांवरील कामे आणि पुढे घरोघरची शेततळी यांनी गावाचे रूप पालटले, आणि एकेकाळच्या कोरडवाहू शिवारात द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या. माथ्यावरच्या रानात अडविलेले पाणी पायथ्याच्या विहिरीत उतरते. त्यामुळे हे काम एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही. सगळ्या शिवाराला एका विचाराने चालावे लागते. ते गाव चालले म्हणून पाणी थांबले.

आता आपल्या घरचाच, म्हणजे महाविद्यालयाचा विचार करू. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष मतदानाने प्रतिनिधी निवडण्याची पद्धत गेली आणि गुणपत्रिकेच्या आधारे वर्गप्रतिनिधी ठरू लागला. निवडणुकांत हाणामाऱ्या होत, बाहेरचे पुढारी शिरत, ही त्यामागची कारणे खोटी नव्हती. पण ताप आला म्हणून रोग्याचे जेवण कायमचे बंद करीत नाहीत. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. तरतूद म्हणजे बियाणे. ते पोत्यातच राहिले तर रान हिरवे होत नाही. अठराव्या वर्षी आमदार-खासदार निवडण्याइतके आपण शहाणे ठरतो, मग ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असावे हे सांगणारा प्रतिनिधी निवडण्याइतके शहाणे का ठरू नये? ज्याला वर्गात हात वर करण्याची सवय नाही, तो ग्रामसभेत उठून बोलेल अशी आशा करणे व्यर्थ आहे.

म्हणून आपल्या प्राध्यापकांपुढे आणि मित्रमैत्रिणींपुढे एक साधी सूचना ठेवतो. राज्यशास्त्र आणि इतिहास या दोन्ही विभागांनी मिळून येत्या वर्षी एक उपक्रम घ्यावा. आपल्या महाविद्यालयात पंचक्रोशीतल्या कितीतरी गावांची मुले-मुली येतात. प्रत्येकाने आपल्या गावच्या एका ग्रामसभेला आरंभापासून शेवटपर्यंत बसावे. मुलींनी स्त्रियांच्या सभेलाही जावे. किती माणसे आली, कोण बोलले, कोण गप्प राहिले, कोणता ठराव झाला, तो वाचून दाखविला का, एवढे दोन पाने लिहावे. विषय नुसता पाहून येण्याचा नाही. निदान एक प्रश्न उभे राहून विचारावा. या टिपणांतून निवडक टिपणे पुढील वार्षिकांकात छापावीत. आपल्या अंकात पावसावरच्या कविता दरवर्षी भरपूर येतात, त्यांतल्या चार कमी झाल्या तरी पाऊस रागावणार नाही.

सूचना लहान आहे हे मला कबूल आहे. पण लहान म्हणून ती कुचकामी ठरवू नये. औंधचा प्रयोग बहात्तर गावांचा होता आणि त्यातला प्रत्येक तुकडा एका गावाच्या, पाच माणसांच्या पंचायतीपासून सुरू होत होता. पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला असेल, किंवा २६ जानेवारीला. दवंडी आपल्या आळीत ऐकू आली नाही, तरी तारीख आता आपल्याला माहीत आहे.